उघडलेली गाडी आणि गुरुवारची सुट्टी

पत्र

नमस्कार. माझं वय ३३. चिंचवडला सोसायटीत राहतो आणि भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात काम करतो. तीन पाळ्या असतात, सुट्टी गुरुवारी. माझ्याकडे २००७ सालची पल्सर १५० आहे. मामाकडून घेतली तेव्हा पार खटारा झाली होती. गेली तीन वर्षं तिचं सगळं मीच करतो. ऑईल, एअर फिल्टर, प्लग, चेन, ब्रेक पॅड, सगळं व्हिडिओ बघून शिकलो. त्या कामात जे समाधान मिळतं ते मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

पण मागच्या दोन महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. एका गुरुवारी कार्ब्युरेटर साफ करायला काढला. खोलताना एका स्क्रूची बारीक रबरी ओ-रिंग कुठेतरी पडली, ती सापडेना. मग पाळी बदलली आणि गाडी ११ दिवस तशीच उघडी पडली. त्याच दिवसांत एका संध्याकाळी तीन वर्षांच्या मुलीला सडकून ताप भरला. मी दुसऱ्या पाळीला होतो. गाडी असती तर वीस मिनिटांत घरी पोचलो असतो. बायकोला तिला कडेवर घेऊन पावसात रिक्षा शोधावी लागली. त्यानंतर ऑईल बदलताना इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट, ज्यातून जुनं ऑईल काढतात तो, जास्त आवळला आणि आटे गेले. पार्किंगमध्ये ऑईलचा डाग पडला, सेक्रेटरींची लेखी नोटीस आली. जवळच्या गॅरेजची पायरी तीन वर्षांत चढलो नाही, तिथे आता कोणत्या तोंडानं जाऊ?

बायको भांडली नाही. परवा एवढंच म्हणाली, "तुम्हाला गाडी चालवायची नसते, उघडायची असते." ते फार लागलं. हे सगळं सोडून द्यावं का? की घरी किती करावं याला काही हद्द असते?

ता. क. कार्ब्युरेटर बसवल्यापासून गाडी जागच्या जागी चालू ठेवली की रेस आपोआप वाढते. अॅक्सिलरेटर सोडला तरी लगेच खाली येत नाही. काय असेल?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

सोडू नका. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. २००७ ची गाडी आजही तुम्हाला पाळीला नेते-आणते, ती तुम्ही तिला जीव लावलात म्हणून.

पण तुमच्या पत्नी जे बोलल्या ते बाजूला सारू नका. पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य त्यांचं आहे. तुम्ही गाडीवर किती वेळ घालवता, किती पैसे घालता, याबद्दल त्या चकार शब्द बोललेल्या नाहीत. छंदाला नावं ठेवलेली नाहीत. त्या म्हणाल्या, उघडायची असते. ११ दिवस खाली पार्किंगमध्ये सीट काढलेली, टाकी काढलेली गाडी जाता-येता त्यांना दिसत होती, आणि त्यातच तापलेलं लेकरू कडेवर घेऊन त्यांना रस्त्यावर उभं राहावं लागलं. तुमचं दुखणं त्यांनी बरोबर ओळखलंय. तुम्ही गाडीचं काम करता ही अडचण नाही, काम मिटत नाही ही अडचण आहे. कार्ब्युरेटर, ड्रेन बोल्ट, गॅरेज, सोसायटी, सगळ्या तक्रारी तिथूनच निघाल्यात.

मी मूळचा कोल्हापूरचा. कॉलेजात असताना मे महिन्याच्या सुट्टीत शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे जाऊन बसायचो. उद्यमनगर म्हणजे फाउंड्र्या आणि लेथांचा भाग. सकाळपासून लोखंड कापल्याचा वास आणि खणखणाट. पगार नव्हता, चहा मिळायचा. पहिला आठवडाभर मला फक्त नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवायला दिले. नंतर एका गिऱ्हाइकाच्या बुलेटचा क्लच उघडायचा होता, तेव्हा मी हौसेनं पुढे झालो. मिस्त्री हातातली बिडी बाजूला ठेवून म्हणाले, "उघडाय काय लागत न्हाई रं. मिटवायचं कवा, त्ये सांग." मग एकेक विचारायला लागले. पॅकिंग आणलंस? नाही. आतला नट काढायला पाना आहे? ठाऊक नाही. प्लेटा खराब निघाल्या तर नव्या आहेत का? नाहीत. गिऱ्हाईक किती वाजता यायचंय? सहा वाजता. "मग आज न्हाई," म्हणाले आणि मला पुन्हा रॉकेलच्या डब्याकडे पाठवलं. तेव्हा राग आला होता. पण त्या प्रश्नांची उत्तरं जवळ असल्याशिवाय मी त्यानंतर एकही गाडी उघडलेली नाही.

तुम्हीही तेच धरा. पान्याला हात लावण्याआधी एक जुनं वर्तमानपत्र पसरा आणि गाडी मिटवायला जे जे लागेल ते त्यावर मांडा. ऑईल बदलायचं असेल तर ऑईल, फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वायसर, नरसाळं, फडकं. कार्ब्युरेटर असेल तर फ्लोटच्या वाटीचं (तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीचं) पॅकिंग आणि ओ-रिंगांचा किट. तो किट थोडक्या पैशात मिळतो आणि त्यात ती हरवलेली बारीक रिंगही असते. एक वस्तू जरी कमी पडली तरी त्या दिवशी बोल्ट सैल करायचा नाही. बुधवारी जमलं तर पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चक्कर मारा. जमलं नाही तरी तुमची सुट्टी गुरुवारची, सुट्या भागांची दुकानं उघडी असतात. रविवारी सुट्टी असणाऱ्यांची यात फार पंचाईत होते.

दुसरं, वेळ बांधून घ्या. सकाळी सातला सुरुवात केलीत तर साडेनऊनंतर काही उघडायचं नाही. त्यानंतर फक्त बसवणं. साडेनऊला जे निघालं नसेल ते पुढच्या गुरुवारी. आणि तिसरी पाळी करून आलात त्या सकाळी गाडीला हात लावू नका. जागरणानं डोळे चुरचुरत असताना माणूस वायसर विसरतो, स्क्रू तिरका लावतो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. तुमच्या दोन्ही चुका कोणत्या पाळीनंतर झाल्या ते आठवून बघा.

वस्तू हरवण्याचं म्हणाल तर दोन सवयी लावून घ्या. झाकण काढलं की त्याचे बोल्ट परत त्याच भोकांत दोन-दोन आटे फिरवून ठेवायचे. ते शक्य नसेल तर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या आणि ज्या क्रमानं काढलं त्या क्रमानं एकेका खळग्यात ठेवत जा. शेवटचं काढलेलं पहिलं बसतं. मोबाइलवर फोटो काढताच असाल, पण मी अजूनही शंभर पानी वहीत लिहितो. तारीख, किलोमीटर, काय काढलं, काय नवं घातलं, स्क्रू किती वळसे आत होता. वहीत "बाकी" असा शब्द लिहावा लागला तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

हे मी इतकं बजावून सांगतोय त्याला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलत होतो. नवे पॅड जाड असतात, म्हणून पॅड दाबणारा कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलून जागा करावी लागते. ढकलला, पॅड बसवले, बोल्ट आवळले. तेवढ्यात शेजाऱ्यांनी हाक मारली, अर्धा तास गप्पांत गेला. परत आलो, मुलीला मागे बसवलं आणि निघालो. आमच्या गल्लीला उतार आहे. पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला येऊन टेकला. ब्रेक नाहीच. मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत परत आणायला लिव्हर आठ-दहा वेळा पंप करावा लागतो, तेवढंच राहिलं होतं. मागच्या ब्रेकवर गाडी कशीबशी भिंतीच्या कडेला थांबली. मुलीला काही कळलं नाही, ती मागे गाणं म्हणत होती. माझे हात मात्र रात्री जेवतानाही थरथरत होते. ब्रेकचं काम केलंत की लिव्हर दगडासारखा कडक होईपर्यंत पंप करा. मग सपाट जागी गाडी हातानं ढकलून ब्रेक धरतो का बघा. त्यानंतरच बसा, आणि पहिली फेरी एकट्यानं मारा.

आता ड्रेन बोल्ट. इंजिनचं आवरण अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. दोघांत जोर लागला की अॅल्युमिनियम हरतं. शिवाय ऑईल अडतं ते बोल्ट करकचून आवळल्यामुळे नाही, त्याच्याखालच्या वायसरमुळे. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा मऊ वायसर किंचित चेपला जाऊन फट बुजवतो. एकदा चेपलेला पुन्हा तितका चेपत नाही. म्हणून जुनाच लावला की बारीकसं पाझरतं आणि आपण आणखी थोडं आवळतो, आणखी थोडं आवळतो. मग एका क्षणी घट्ट होत आलेला बोल्ट लोण्यात फिरल्यासारखा सैल लागतो. तुमच्या हाताला ते जाणवलं असणार. ज्यानं एकदा अनुभवलंय तो ते विसरत नाही.

पुढच्या वेळी बोल्ट आधी बोटांनीच लावा. तीन-चार आटे बोटांनी सहज बसले नाहीत तर तो तिरका चाललाय, काढा, पुसा, पुन्हा लावा. मग आखूड पाना घ्या, लांब पान्यानं हाताला अंदाज येत नाही. कारखान्यात असेंब्लीला टॉर्क पाना वापरतात, तो तुमच्या पाहण्यातला असेल. तसा एक छोटा घरी असू द्या. मॅन्युअलमध्ये त्या बोल्टसाठी दिलेला न्यूटन-मीटरचा आकडा लावायचा आणि टक् वाजलं की थांबायचं.

गेलेले आटे दुरुस्त होतात, घाबरू नका. भोक थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडतात आणि तारेची एक गुंडाळी बसवतात, तिला हेलिकॉइल म्हणतात. मूळ मापाचाच बोल्ट परत बसतो आणि ते आटे आधीपेक्षा पक्के असतात. हे काम मात्र लेथवाल्याचं किंवा मुरलेल्या मिस्त्रीचं आहे. घरी ड्रिल लावू नका, कीस इंजिनात राहिला तर मोठं काम निघेल. आणि तोवर टेफ्लॉनची टेप गुंडाळून, एम-सील थापून गाडी अजिबात चालवू नका. असा बोल्ट रस्त्यात गळाला तर इंजिन जाम होईल हे एक, आणि ऑईल मागच्या टायरखाली येईल हे त्याहून वाईट.

ऑईलवरून एक आठवलं. कारसाठी आणलेलं ऑईल उरलंय म्हणून बाइकमध्ये घालणारे मी पाहिलेत. बाइकचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारच्या पुष्कळ ऑईलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, त्यानं क्लच घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए (JASO MA) किंवा एमए-२ ही अशा क्लचच्या बाइकसाठीची खूण बघून घ्या. आणि काढलेलं काळं ऑईल गटारात नको, वाळवीसाठी झाडाच्या बुंध्यालाही नको. रिकाम्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या, तिथे पिंपात साठवून ते पुढे प्रक्रियेला देतात.

हद्दीचं विचारलंत. माझा हिशेब असा आहे, की जे काम एका सकाळीत मिटतं, ज्याला खास पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार) किंवा प्रेस लागत नाही आणि जे बरोबर झालं की नाही हे मला घरीच तपासता येतं, ते माझं. ऑईल, प्लग, एअर फिल्टर, केबली, चेन, पॅड, बॅटरीची टोकं हे सगळं त्यात आलं. तुमच्या गाडीला प्लग दोन आहेत, बरेच जण हाताला येणारा एकच बदलतात, तसं करू नका. कार्ब्युरेटरही घरी होतो, पण जेटमध्ये तार कधी घालू नका. ते भोक मापाचं असतं, तारेनं ओरखडलं की माप गेलं. हवा मारा किंवा क्लीनर फवारा, आणि आतला रबरी पडदा आधी काढून बाजूला ठेवा, क्लीनरनं तो फुगतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. आपल्यासारख्यांच्या जुन्या गाड्यांना ते फारसं मानवत नाही. म्हणून गावाला वगैरे जाऊन गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका, साफ करण्याची वेळच कमी येईल.

हेड उघडणं, मॅग्नेट काढणं, फोर्कचे सील, हँडलचा कोनसेट, चाकाची बेअरिंगं, हे मिस्त्रीकडे. मला यातलं बरंचसं येतं, तरीही मी देतो.

चेनबद्दल एकच सांगायचंय आणि ते पाळाच. चेन साफ करताना किंवा तिला ऑईल लावताना इंजिन बंद आणि किल्ली खिशात. डबल स्टँडवर गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फडकं धरायचं, चेन आपसूक पुसली जाते, असं बरेच जण करतात. फडकं चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि बोटंही. उद्यमनगरात दोन बोटं नसलेला एक चांगला कारागीर आमच्या शेजारी काम करायचा. चाक हातानं फिरवा, पाच मिनिटं जास्त लागतील.

आता गॅरेज. उद्या-परवा जा, पण सकाळी दहाला किंवा संध्याकाळी सहाला नको, तेव्हा गिऱ्हाइकांची रीघ असते. दुपारी तीनच्या सुमाराला जा आणि सरळ सांगा, "बोल्ट मी जास्त आवळला, आटे गेलेत. बसवून द्याल का?" एवढंच. तीन वर्षं का आलो नाही याचं स्पष्टीकरण देत बसू नका, त्यांनाही ते ऐकायचं नसतं. मिस्त्री कशाला वैतागतो माहीत आहे? गिऱ्हाईक खोटं बोलतं त्याला. गाडी घरी खोलून, जमली नाही म्हणून पिशवीत भरून आणतात आणि म्हणतात, "काही केलं नाही, आपोआप बंद पडली." मग काय काढलंय, काय हरवलंय हे शोधण्यात त्याचा अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. तुम्ही खरं सांगितलंत, मजुरीत घासाघीस केली नाहीत आणि "मी बघत उभा राहू का?" असं विचारलंत, तर बहुतेक स्टूल मिळेल. सुटे भाग तुम्हीच आणणार असाल तर मजुरी आधी ठरवा. त्या भागांवर त्यांचे दोन पैसे सुटतात आणि गॅरेजचं भाडं त्यातूनच निघतं. वर्षाकाठी कोनसेट, बेअरिंग असलं एखादं काम त्यांना आठवणीनं द्या. खंडेनवमीला तुम्ही तुमचे पाने पुसून पुजाल तेव्हा पेढ्याचा एक पुडा तिकडेही न्या.

सेक्रेटरींकडे त्यांनी पुन्हा बोलावायच्या आत जा. डागावर लाकडाचा भुसा टाका, रात्रभर ऑईल शोषू द्या, सकाळी झाडून धुण्याच्या पावडरीनं घासा. पूर्ण नाही गेला तरी तुम्ही घासलेलं दिसतं. मग कामासाठी एक कोपरा मागून घ्या आणि खाली जाड पुठ्ठा किंवा जुना फ्लेक्स अंथरत जा. जागा निवडताना मात्र बघा. आपल्या सोसायट्यांत विजेचे मीटर पार्किंगमध्येच असतात. तुम्ही कार्ब्युरेटर काढता तेव्हा पेट्रोल सांडतंच, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरत जाते. मीटरच्या खोलीजवळ, जिन्याखाली, कुणी बिडी-सिगारेट ओढत थांबतं तिथे हे काम नको. उघड्यावर, वारा असेल तिथे करा.

घरातलं शेवटी ठेवलं, कारण त्यासाठी वरचं सगळं आधी जमायला हवं. पत्नीला "आता असं होणार नाही" असं वचन देऊ नका. त्यांना वचन नकोय, संध्याकाळी गाडी चालू झालेली हवी आहे. येत्या गुरुवारी सकाळी त्यांना सांगा की आज अमुक काम आहे, साडेदहापर्यंत गाडी तयार असेल, आणि साडेदहाला हात धुऊन वर या. असे चार-पाच गुरुवार गेले की त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. त्यांना स्वतःला गाडी शिकायची आहे का, हेही एकदा विचारा. मला वाटतं हे अजून कुणी विचारलेलं नसावं.

आणि दुपारी तिघं कुठेतरी जा. देहू आहे, पुढे भंडारा डोंगर आहे, वरपर्यंत रस्ता जातो. मुलगी तीन वर्षांची आहे, म्हणजे तिला लहान मुलांच्या हेल्मेटबरोबर चालवणाऱ्याशी जोडून ठेवणारा पट्टा लागतो आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी केंद्राचा हा नियम आहे, २०२२ साली अधिसूचना निघाली. पट्टा घेताना मुलीला सोबत न्या, सैल बसणारा घेऊ नका. कागदही एकदा तपासा. गाडी मामांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. २००७ ची नोंदणी १५ वर्षांनी २०२२ ला संपली, त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. तेव्हा नूतनीकरण झालं होतं का, ते आरसीवर बघा. पीयूसी तुमच्या गाडीला दर सहा महिन्यांनी.

आता ता. क. रेस आपोआप वाढते आणि सोडल्यावर खाली यायला वेळ लावते, म्हणजे इंजिनात कुठून तरी जादा हवा जातेय. आधी सोपं बघून घ्या. अॅक्सिलरेटर केबल ताणलेली नाही ना? गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. रेस बदलली तर केबल चुकीच्या वाटेनं गेलीय. तसं नसेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाईप बघा, जुन्या गाडीत तो तडकतो किंवा क्लिप सैल राहते. गाडी चालू असताना त्याच्याभोवती साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच.

पण मला संशय दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ती हरवलेली ओ-रिंग पुढे मिळाली का, नवी घातलीत का, हे पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. स्प्रिंग असलेल्या बारीक पायलट स्क्रूची ती रिंग असेल आणि ती न घालताच तुम्ही कार्ब्युरेटर बसवला असेल, तर हवा त्या स्क्रूच्या आट्यांतूनच जातेय. स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत टेकेपर्यंत फिरवा आणि वळसे मोजून वहीत लिहा. टेकल्यावर दाबू नका, टोक नाजूक असतं. मग काढा. स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग बारीक वायसर, मग टोकाकडे ओ-रिंग, हा क्रम. वायसर नसेल तर स्प्रिंग रिंगेला कापते, त्यामुळे दोन्ही नवे घ्या. बसवताना पुन्हा हलक्या हातानं टेकवा आणि मोजलेले तेवढे वळसे उलटे सोडा, गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा आणि मग आयडल, म्हणजे जागच्या जागी चालतानाची रेस, लावा. रिंग आधी आणा, नंतर स्क्रू काढा. रेस जागेवर आली का, ते कळवा.